लोमटे आणि पिवळी भिंत

रविराज लोमटे खुर्चीत निवांत टेकून बसलेत, असं मी फार तर दोन-तीनदा पाहिलं असेल. बसले तरी उजवा पाय शिवणयंत्र चालवल्यासारखा हलत असायचा. माणूस चाळिशी ओलांडलेला, मूळ अंबाजोगाईचा, चाकणला गाड्यांचे डॅशबोर्ड बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी तपासणीवर. इकडे आल्यापासून एकोणीस वर्षांत त्यांनी सात कंपन्या आणि पाच खोल्या बदलल्या. कुठे भांडण नाही, कुणी काढलंही नाही. "एका जागी तीन वर्षं झाली की अंगाला मुंग्या येऊ लागतात, मॅडम," असं ते अगदी सरळ चेहऱ्याने सांगायचे.

मी वर्षाली. चिंचवड गावठाणातल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. हौशी फोटोग्राफरांचा आमचा छोटा गट आहे. लोमटे पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या पाठीवर शाळकरी पोर मावेल एवढी बॅग होती. दोन कॅमेरे, चार लेन्स, फ्लॅश, ट्रायपॉड, आणखी काय काय. तीच बॅग घेऊन ते बायको-मुलीबरोबर हैदराबाद बघायला गेले. दुसऱ्या दिवशी चारमिनारच्या पायऱ्या चढताना कमरेत चमक भरली ती अशी की, उरलेले दोन दिवस लॉजच्या खाटेवर पालथं पडून काढावे लागले. सलोनीवहिनी आणि मुलगी तेवढ्यात सगळं शहर बघून आल्या आणि फोनवर काढलेले फोटो त्यांना दाखवत बसल्या. "ते बरे होते हो," लोमटे मला म्हणाले. "त्याचाच जास्त राग आला."

परत आल्यावर त्यांनी ती सगळी बॅग अंबाजोगाईच्या चुलतभावाला देऊन टाकली. तो लग्नांचे फोटो काढतो. स्वतःसाठी ठेवला फक्त एक लहान कॅमेरा, खिशात मावणारा. त्याला एकच लेन्स, तीही कायमची बसवलेली. दूरचं जवळ आणायची सोय नाही. जवळचं हवं असेल तर पायांनी जवळ जायचं. दुसऱ्या खिशात एक जादा बॅटरी आणि रुमाल. बस्स.

चाकणच्या कंपन्यांना गुरुवारी सुट्टी. दर गुरुवारी लोमटे आपल्याच शहरात परगावाहून आलेल्या पाहुण्यासारखे निघायचे. येईल ती बस पकडायची, गर्दीत बस अडकली की तिथेच उतरायचं, चालत सुटायचं, फोटो काढायचे, पुन्हा दुसरी बस. वाकडच्या टॉवरखाली उभे असलेले डिलिव्हरीवाले, देहूच्या घाटावर वाळत घातलेल्या साड्या, भोसरीच्या पुलाखाली दाढी करणारा न्हावी. फोटो चांगले असत. पण एक गोष्ट मला खटकायची आणि ती मी बोलूनही दाखवली होती. "लोमटे, तुम्ही कुणापाशीच थांबत नाही का हो? तुमच्या फोटोतला माणूस तुमच्याकडे बघायला लागतो, आणि तुम्ही तोवर गेलेले असता."

"थांबून काय करू?" ते म्हणाले आणि पाय हलवत राहिले.

गेल्या एप्रिलमध्ये, परीक्षा संपल्यावर, शाळेच्या हॉलमध्ये आम्ही बावीस फोटोंचं छोटं प्रदर्शन लावलं. त्यात लोमट्यांचे सहा होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉल उघडायला गेले तर आमच्या शाळेच्या मावशी, रुक्मिणीबाई काळेल, आधीच आत होत्या. हातात झाडू, आणि झाडणं थांबलेलं. लोमट्यांच्या एका फोटोसमोर त्या उभ्या होत्या.

फोटोत एक पिवळी भिंत होती. भिंतीला टेकून निळ्या शर्टातला एक पन्नाशी उलटलेला माणूस एका पायावर तोल सांभाळत उभा होता. दुसऱ्या पायातली चप्पल त्याच्या हातात होती आणि तो तिचा तुटलेला अंगठा सेफ्टी पिनेने जोडत होता. मागे विजेचा एक खांब आणि मोटारी वाहून नेणाऱ्या लांबलचक ट्रेलरचं शेपूट दिसत होतं.

"म्याडम, ह्यो फोटू कुनी काढलाय?"

"लोमट्यांनी. का हो?"

"ह्ये आमचं मालक हायती."

मला काही कळेना. सहा वर्षं मी या बाईंना ओळखत होते. नवरा हल्ली गावाकडे, माण तालुक्यात, शेती बघायला असतो, असं त्या सांगायच्या आणि मी ते ऐकून पुढच्या तासाला जायचे. "गावाला असतात ना ते?" मी विचारलं.

"न्हाईत," त्या म्हणाल्या. "धा म्हैनं झालं, घरातनं गेल्यात. लोकास्नी काय सांगावं म्हनून गावाला म्हनत्ये."

मग हॉलमधल्या बाकावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. कोंडीराम काळेल सव्वीस वर्षं भोसरीच्या एका फाउंड्रीत साचे भरायचं काम करत होते. फाउंड्री बंद पडली. तरी रोज सकाळी डबा घेऊन ते निघत आणि संध्याकाळी परत येत. चार महिने हे चाललं. शेवटी शेजारणीकडून रुक्मिणीबाईंना कळलं की कंपनीला कुलूप आहे. त्यांनी रात्री विचारलं, तर ते काही बोलले नाहीत, आणि सकाळी डबा घेऊन निघाले ते परत आले नाहीत. फोन बंद. लेक बारामतीला दिलेली, ती दर रविवारी रडायची. पोलीस चौकीत तक्रार दिली, पण तिथे द्यायला फोटोसुद्धा धड नव्हता. कंपनीच्या जुन्या ओळखपत्रावरचा होता, काळ्या मिशांतला, वीस वर्षांपूर्वीचा.

मी लोमट्यांना फोन लावला. ते पहिल्या शिफ्टला होते. सुटल्यावर कंपनीच्या कपड्यांतच आले. रुक्मिणीबाईंनी हात जोडले आणि एकच प्रश्न विचारला, "साहेब, ह्ये कुठं भेटलं तुमास्नी?"

लोमटे फोटोकडे बघत राहिले. भिंतीकडे, चपलेकडे, माणसाकडे. कपाळावरचा घाम त्यांनी दोनदा पुसला.

"मला आठवेना," ते म्हणाले.

खरंच आठवत नव्हतं. कॅमेऱ्यात तारीख-वेळ नोंदलेली होती, डिसेंबरातला गुरुवार, सकाळचे अकरा. जागेची नोंद ठेवणारी सोय त्या कॅमेऱ्यात नव्हती. त्या दिवशीचे आधीचे फोटो काढून पाहिले तर पावणेदहाला ते मोशीच्या पुढे इंद्रायणीच्या पुलावर होते. नंतरचा फोटो साडेबाराचा, चाकणच्या तळेगाव चौकातला. म्हणजे नाशिक रस्त्यावर पूल आणि चौक यांच्या मधे कुठेतरी. मधल्या वेळात तीन बस बदलल्या, दोनदा माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या रिक्षात बसले, बाकी चालले. एवढंच त्यांना सांगता आलं.

फोटोच्या डाव्या कडेला, भिंतीवर, एका रंगवलेल्या शब्दाचं शेवटचं अक्षर आलं होतं. 'टा'. बाकीचा शब्द चौकटीबाहेर राहिला होता.

"फाटा," लोमटे लगेच म्हणाले. "चिंबळी फाटा, कुरुळी फाटा, आळंदी फाटा. सगळे त्याच रस्त्यावर आहेत. सापडतंय बघा." आणि ते उठलेच.

त्यानंतरचे तीन गुरुवार ते आणि रुक्मिणीबाई त्या रस्त्यावर हिंडले. एप्रिलचं ऊन, ट्रेलरची धूळ, हॉर्न. प्रत्येक फाट्यावर उतरून टपरीवाल्याला, रिक्षावाल्याला, पंक्चरवाल्याला फोटो दाखवायचा. पिवळ्या भिंती खूप निघाल्या, पण ती भिंत निघेना. दुसऱ्या गुरुवारी संध्याकाळी रुक्मिणीबाई शाळेत आल्या त्या पाय चोळतच. मी म्हटलं, "फार चालवलं का लोमट्यांनी?"

"मानूस चांगला हाय, पर थांबतच न्हाई. म्या चौकात, तर ह्ये पार पंपापाशी. म्या म्हनलं, साहेब, तुमी हुडकताय का पळताय?"

"मग काय म्हणाले?"

"काय न्हाई. माज्या मागनं चालाय लागलं."

सलोनीवहिनींचाही मला फोन आला. आजवर त्यांनी कधी फोन केला नव्हता. "मॅडम, ते घरात रोज तोच फोटो मोठा करून बघत बसतात," त्या म्हणाल्या. "जेवताना उठतात, बाल्कनीत जातात, परत येतात. मी म्हटलं, तुमची काय चूक? फोटोच तर काढला. तर म्हणाले, मी त्या माणसाच्या समोर चार पावलांवर उभा होतो, आणि मला तो आठवत नाही."

चार पावलांवर, हे खरं होतं. त्या लेन्सने इतक्या जवळचा फोटो काढायचा तर तेवढं जवळ जावंच लागतं.

तिसरा गुरुवारही कोरडा गेला. रविवारी सकाळी मी प्रदर्शनाचे फोटो उतरवून कपाटात ठेवत होते. तो फोटो हातात आला आणि मी तो खिडकीशी नेला. मी आयुष्यभर पोरांना अक्षरलेखन शिकवलंय. तो 'टा' लाल रंगात होता, उजवीकडून काळी सावली दिलेला, ब्रशने काढलेला. पेंटरच्या हाताचं काम. रस्त्यावरच्या फाट्यांच्या पाट्या अशा नसतात. त्या सरकारी असतात, लोखंडी खांबावर, साच्यातली पांढरी अक्षरं. फाट्याचं नाव अशी सावली देऊन भिंतीवर कोण रंगवतं? भिंतीवर कुणी रंगवतो ते आपल्या धंद्याचं नाव. मी मनातल्या मनात शब्द लावायला लागले, आणि फोटोत मागे दिसणाऱ्या त्या ट्रेलरकडे पुन्हा लक्ष गेलं.

मी लोमट्यांना फोन लावला. "अहो, फाटा नाही. काटा. वजनकाटा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "निघालोच." अर्ध्या तासात ते शाळेच्या फाटकाशी रिक्षा घेऊन हजर होते, सुट्टी टाकून. रुक्मिणीबाईंना भोसरीतून घेतलं आणि आम्ही तिघं निघालो.

मालाच्या गाड्या वजन करायला जिथे चढवतात ते काटे त्या रस्त्यावर, आतल्या रस्त्यांवर धरून, सहा निघाले. पहिल्याला भिंतच नव्हती. दुसऱ्याचं नाव इंग्रजीत. तिसऱ्याची भिंत निळी. चौथा कुरुळीच्या पुढे आत वळल्यावर होता, आणि रिक्षा थांबायच्या आधीच लोमटे उतरले.

पिवळी भिंत. लाल अक्षरं, काळी सावली. 'शिवतेज वजन काटा.'

पण लोमट्यांची खात्री पटेना. डिसेंबरातली सावली भिंतीवर लांब पडली होती, आता ऊन थेट डोक्यावर. त्यांनी खिशातून कॅमेरा काढला, डोळ्याला लावला आणि मागे मागे सरकू लागले. भिंत फोटोतल्याएवढी दिसायला हवी, 'टा' डाव्या कडेला बसायला हवा, विजेचा खांब मधे यायला हवा. त्या लेन्सने हे सगळं जमायला जगात एकच जागा होती. दोन पावलं मागे, एक डावीकडे. एक ट्रेलर त्यांच्या पाठीमागून हॉर्न वाजवत गेला, मी ओरडले, "लोमटे, गाडी!" त्यांना ऐकूच आलं नाही. अजून अर्धं पाऊल. आणि ते थांबले.

"इथंच," ते म्हणाले. "इथंच उभा होतो मी."

काट्याच्या केबिनमध्ये बसलेल्या माणसाला मी फोटो दाखवला. त्याने तो नीट बघितलाही नाही. "काळेल मामा ना? ते मागं यार्डात असतात. थांबा." त्याने हाक मारली.

भिंतीच्या पलीकडे ट्रेलर उभे करायचं मोठं मैदान होतं. तिथून शिट्टी गळ्यात अडकवलेला एक माणूस चालत आला. फोटोतल्यापेक्षा वाळलेला. रुक्मिणीबाईंना बघून त्यांची चाल मंदावली. जवळ येऊन ते उभे राहिले आणि म्हणाले, "उनाचं कशाला आलीस?"

बाई रडतील असं मला वाटलं होतं. त्या चिडल्या.

"चौकीत गेल्ते म्या. साहेबानं इचारलं, उंची किती? मला सांगता यीना. एकतीस वर्सं संसार केला आन् मला तुमची उंची ठावं न्हाई. त्यो साहेब माज्याकडं बघाय लागला. हुबं ऱ्हावा. त्या भिताडाला हुबं ऱ्हावा."

आणि तो माणूस खरंच भिंतीला पाठ लावून उभा राहिला. रुक्मिणीबाईंनी पदराखालून हात काढला, त्यांच्या डोक्यावर आडवा धरला, आणि भिंतीवर जिथे हात टेकला तिथे नखाने ओरखडा काढला. मग त्या खाली बसल्या आणि तेव्हा मात्र त्यांना आवरेना.

कोंडीराम सावलीत बसून बोलले. रुक्मिणीबाईंशी नाही, आमच्याशी. "फाउंड्री बंद झाली तरी सकाळी सहाला डोळा उघडायचा. घरी बसवेना. भिंती अंगावर यायच्या. हिकडं चाकणला मजुरांच्या नाक्यावर हुबा ऱ्हायचो, पर छप्पन वर्साच्या मानसाला कोन नेतंय? तरन्या पोरास्नीच घिऊन जायची. मग हितं मिळालं, गाड्या लावायचं. रोज जायला-यायला चार तास. आन् जाऊन सांगायचं काय? साचं भरनारा मानूस आता शिट्टी मारतोय म्हनून? एक दिस गेलो न्हाई. दुसऱ्या दिशी जायाची लाज वाटली. मग ती लाज वाढतच गेली."

लोमटे हे ऐकताना माझ्या शेजारी उभे होते. कोंडीरामांनी त्यांच्याकडे बघितलं, मग त्यांच्या हातातल्या कॅमेऱ्याकडे.

"तुमीच व्हय त्ये?"

"हो," लोमटे म्हणाले.

"म्या चप्पल जोडत व्हतो. तुमी फोटू काढला. म्या इचारलं, कशाला काढता? तुमच्या कानावर गेलं आसंल. तुमी वर बघितलं आन् बस आली म्हनून पळाला. दोन दिस म्या काळजीत. म्हनलं, घरच्यांनी कुनी मानूस लावला का काय मागं."

लोमट्यांचा चेहरा उतरला. "मला ते आठवत नाही," ते पुटपुटले. मग कॅमेरा खिशात टाकत, "चुकलं माझं, मामा."

"चुकलं कशाला? पर त्यो फोटू काढून टाका. भोसरीतली सगळी वळखीची. तुटक्या चपलेत बघत्याल मला."

प्रदर्शन उतरवलंय, असं मी सांगितलं. एवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. फोटो हातात घेऊन त्यांनी बघितला, बराच वेळ बघितला, आणि घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला. तो परत मागायची कुणाची हिंमत झाली नाही.

त्या दिवशी ते घरी आले नाहीत. लेकीशी मात्र रुक्मिणीबाईंच्या फोनवरून बोलले, आमच्याकडे पाठ करून. आम्ही परत निघालो तेव्हा रुक्मिणीबाई रिक्षातून मागे वळून बघत होत्या. मोशीला आल्यावर एकदम म्हणाल्या, "म्या घर धरून बसले व्हते. मला वाटलं, घर हाय तर त्ये येत्याल."

पुढचे चार रविवार त्या एकट्या कुरुळीला जाऊन आल्या. पाचव्या आठवड्यात माझ्याकडे आल्या त्या शाळेचं काम सोडते म्हणून सांगायला. यार्डाच्या मागे एक खोली मिळाली होती. यार्डातल्या ड्रायव्हरांना पोळीभाजी हवीच असते, ती करणार होत्या. "त्यास्नी हिकडं आणायचं म्हनलं आस्तं तर आलं आस्तं," त्या म्हणाल्या. "पर आलं आस्तं आन् पुन्हा सकाळी सहाला भिताडाकडं बघत बसलं आस्तं. त्यापरीस म्याच जात्ये." शाळेने निरोपाला साडी दिली. आता दोघं तिथेच राहतात. मी एकदा जाऊन जेवून आले. कोंडीराम शिट्टी वाजवून पन्नास फुटी गाडी इंचभर जागेत लावून घेतात, आणि ते बघायला रुक्मिणीबाई पोळपाट सोडून दारात येतात.

लोमट्यांचं म्हणाल तर त्यांनी पावसाळ्याच्या तोंडाशी कंपनी बदललीच. आठवी. मी विचारलं तर म्हणाले, "ती सवय जाणार नाही, मॅडम." पण त्यांच्या गुरुवारांना आता दुसराच चाळा लागला आहे. गेल्या सहा वर्षांचे अकरा हजारांच्या वर फोटो त्यांनी संगणकावर एकेक करून उघडले. जागा आठवते तिथे जागा लिहिली, माणूस आठवतो तिथे माणूस. निम्म्याहून जास्त ठिकाणी काहीच लिहिता आलं नाही. ते फोटो छापून खिशात घेऊन ते निघतात, ती ती जागा शोधतात, पूर्वी जिथे उभे होते तिथे उभे राहतात, आणि फोटोतला माणूस सापडला तर त्याला त्याचा फोटो देतात. काही जण खूश होतात. एका फळवाल्याने शिव्या दिल्या. बरेच जण तिथे नसतातच.

परवा चिंचवड स्टेशनच्या पुलावर भेटले. लोणावळ्याकडून येणारी लोकल पाच मिनिटांत येणार होती. त्यांनी खिशातून एक फोटो काढून माझ्यासमोर धरला. अरुंद जिना, जिन्यावर दळणाचा डबा डोक्यावर घेतलेली एक बाई, पाठमोरी.

"हा जिना कुठला असेल हो? तुम्ही या भागातल्या. बघा ना नीट."

मी बघितला. रंग उडालेली हिरवी भिंत, लोखंडी कठडा. असे जिने या शहरात शेकड्यांनी असतील. मी मान हलवली.

"पिंपरी कॅम्पात विचारतो," ते म्हणाले. "नाहीतर काळेवाडी." गाडी फलाटाला लागत होती. जिना उतरता उतरता त्यांनी तोच फोटो एका अनोळखी म्हाताऱ्या बाईंपुढे धरला, आणि बाई पिशवीतून चष्मा काढून तो बघू लागल्या. चष्मा लवकर सापडेना. गाडी सुटली. लोमटे पाय हलवत तिथेच उभे होते.